टोपी घातलेला धनेश : वन्यजीव फोटोंवरून एआयच्या मदतीने गमतीची चित्रं कशी करावीत

पुणे विद्यापीठाच्या आवारात काढलेला राखी धनेशाचा एक फोटो माझ्याकडे आहे. फोटो म्हणून त्याची किंमत शून्य. मागे पांढरंफटक आभाळ, पक्षी काळवंडलेला, शेपटीचं टोक फांदीआड गेलेलं. पण नराने चोचीच्या अगदी टोकात एक उंबर धरलंय आणि मान अशी वळवलीय, की जणू कुणाला पत्ता विचारतोय. म्हणून तो फोटो मी पुसला नाही. तीन वर्षं हार्ड डिस्कमध्ये पडून होता.

धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. माती, विष्ठा असं काहीबाही लावून ढोलीचं तोंड लिंपते आणि एक फट तेवढी ठेवते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. हे आठवलं आणि फोटोतल्या साहेबांचा धंदा कळला. हा तर डबेवाला! पांढरी टोपी, खांद्याला डबा, मागे इमारतीऐवजी उंबराचं झाड आणि खोडात फ्लॅटसारखी एक फट. हे चित्र करताना काय जमलं, काय फसलं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमच्याकडेही असे 'वाया गेलेले' फोटो ढिगाने असणार.

आधी एक धोरण ठरवून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. प्राणी तोच ठेवायचा, त्याची ढब तीच ठेवायची, बाकीचं जग हवं तसं बदलायचं. गॉगल लावून बुलेटवर बसलेला वाघ हवा असेल तर त्याला फोटो लागतच नाही, कुणीही एका ओळीत तो मागवू शकतो. तुम्ही उन्हात चार तास बसून जे पाहिलंत ते चित्रात उतरणार नसेल, तर तुमच्या फोटोचा उपयोग काय?

फोटो निवडणं

सर्वोत्तम फोटो घेऊ नका. ज्या फोटोत प्रकाश, नजर आणि क्षण असं सगळं जुळून आलंय त्याला हात लावायची गरज नसते. या कामाला लागतो तो दुसऱ्या फळीतला फोटो. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, आकृती स्पष्ट हवी. फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा, प्राणी काय करतोय ते तेवढ्यातही कळलं तर तो चालेल. दुसरी, डोळा दिसायला हवा. डोळा झाकलेला असला की एआय तो स्वतःच्या मनाने काढतं आणि बहुतेक वेळा माणसाचा काढतं.

थोडा हललेला, थोडा दाणेदार फोटो चालतो, कारण बारीक पोत तसाही बदलणार असतो. फांद्यांच्या जंजाळात बसलेला पक्षी मात्र टाळा. एआयला फांदी कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतो ते उमगत नाही, मग पक्ष्याला सहा पाय फुटतात.

फोटो स्वतःचा असावा. गटात कुणी टाकलेला सुंदर फोटो उचलायचा मोह होतो, पण तो दुसऱ्याच्या कष्टाचा असतो. वापरायचाच असेल तर आधी विचारा.

तयारी

इथे फार वेळ घालवू नका. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) असेल तर जेपीईजी करा. अंधारलेला भाग थोडा उजळा. प्राण्याभोवती मोकळी जागा ठेवून फोटो कापा, कारण टोपी, छत्री, पिशवी जे काही येणार त्याला जागा लागेल. लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरते. २४ मेगापिक्सेलची फाइल चढवून फायदा नसतो, बहुतेक साधनं ती आतल्या आत लहान करूनच वापरतात.

एक गोष्ट मात्र न चुकता करा : फोटोतली जागेची माहिती काढून टाका. मोबाइल आणि जीपीएस असलेले कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवतात. कोणतं खवले मांजर, कोणतं मांडूळ, कोणतं घुबड कुठल्या टेकडीवर दिसलं, हे ज्यांच्या हाती पडू नये असे लोक महाराष्ट्रात कमी नाहीत. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ही माहिती पुसता येते आणि बऱ्याच फोनमध्ये शेअर करताना 'लोकेशन नको' असा पर्याय असतो. घरट्याचे फोटो मी या कामाला घेतच नाही. माझा धनेश उंबरावर बसलेला होता, ढोलीपाशी नाही. ढोलीपाशी कॅमेरा घेऊन कुणी उभं राहिलं तर नर बिचकतो, खाणं पोचायला उशीर होतो आणि आतली मंडळी उपाशी राहतात.

गंमत शोधणं

ही खरी पायरी. लोक ती गाळतात आणि थेट साधन उघडतात. तसं केलं की 'याचं मजेशीर कार्टून कर' एवढंच लिहिलं जातं आणि समोर येतो दात विचकणारा, डोळे मिचकावणारा, कुठल्याही देशातला कुठलाही प्राणी.

त्याऐवजी कागदावर तीन ओळी लिहा. फोटोत प्राणी नेमकं काय करतोय? हा प्राणी असं का करतो? आणि आपल्या ओळखीचं कोण असं करतं? तिसऱ्या ओळीत गंमत सापडते.

टिटवीचं घ्या. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि जवळून कुणीही गेलं, अगदी म्हैस गेली, तरी आरडाओरडा करून परिसर डोक्यावर घेते. प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतोच, जो पार्किंगमधल्या अनोळखी स्कूटरवरून असाच गहजब करतो. टिटवीच्या गळ्यात शिट्टी, पंखाखाली वहीचं बाड, एवढं पुरे.

शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. भीमाशंकरला गेलेल्या प्रत्येकाकडे त्याचा एक तरी उलटा लटकलेला फोटो असतो. मागच्या पायांनी फांदी धरून, लांब शेपटीने तोल सांभाळत, पुढच्या दोन हातांनी ते फळ खातं. त्यातून एकेक शेकरू पानं-काटक्यांची अनेक घरटी बांधतं आणि आलटून-पालटून वापरतं. चार फ्लॅटचा मालक आणि जेवतो मात्र उभ्या-उभ्या, नव्हे उलटा! त्याच्या शेपटीला चाव्यांचा जुडगा अडकवलात तर भीमाशंकर पाहिलेला माणूस हसेल आणि न पाहिलेला विचारेल, 'चाव्या का?' त्याने विचारावं हेच तर हवंय.

भिगवणचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून पाणी गाळतात. त्यांच्या हाती चहाची गाळणी द्या. वानराचं काळं तोंड आणि भोवतीचे पांढरे केस पाहून काय सुचतं ते मी लिहीत नाही, घरोघरी वेगळं सुचेल.

काय टाळायचं तेही इथेच ठरवा. जंगली प्राण्याच्या गळ्यात पट्टा, माणसाच्या मांडीवर बिबट्याचं पिल्लू, पिंजऱ्यातला पोपट, टेबलावरचं तारा कासव ही चित्रं गोड दिसतात, पण 'हे घरी पाळायला मिळतं का?' अशी चौकशी ज्यांना सुचते त्यांना ती खतपाणी घालतात. भारतात हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. गंमत म्हणूनही तो विचार डोक्यात पेरायला नको.

साधन कोणतं?

तीन वाटा आहेत. पहिली गप्पांची : चॅटजीपीटी किंवा जेमिनी उघडायचं, फोटो चढवायचा आणि काय हवं ते लिहायचं. फुकट खात्यात दिवसाला ठरावीकच चित्रं मिळतात, पण शिकायला तेवढी पुरतात. मराठीत लिहिलेलंही दोघांना कळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी.

दुसरी वाट फोटोशॉपची. त्यातल्या जनरेटिव्ह फिलमध्ये फोटोचा एक तुकडा निवडून फक्त तेवढाच बदलता येतो, त्यामुळे प्राण्याला धक्का लागत नाही. छायाचित्रकारांना ही वाट मानवते.

तिसरी, स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्युजन हे चित्रं घडवणारं मॉडेल चालवायची. निदान ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर सुखाने चालतं. यात एक आकडा महत्त्वाचा आहे : डीनॉइझिंग स्ट्रेंथ, ० ते १. मूळ फोटोवर किती 'धूळ' टाकून चित्र नव्याने घडवायचं, ते हा आकडा ठरवतो. ०.३ ला फोटो जवळपास तसाच राहून रंगांचा पोत बदलतो. ०.५ च्या आसपास चित्र होतं. ०.७ च्या पुढे तुमचा प्राणी गेला, त्याचा लांबचा नातेवाईक आला असं समजा. सोबत कंट्रोलनेट ही त्याची पुरवणी जोडली तर फोटोतल्या कडा किंवा काय जवळ, काय लांब ते पकडून ठेवता येतं, म्हणजे शैली कितीही बदलली तरी मान जिथे वळली तिथेच वळते. ढब जपायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. पण बसवायला एक रविवार जातो.

कुठलंही ऑनलाइन साधन असो, सेटिंगमध्ये जाऊन 'माझा मजकूर मॉडेल शिकवायला वापरा' हा पर्याय चालू आहे का, तो आधी पाहा आणि नको असेल तर बंद करा.

प्रॉम्प्ट लिहिणं

प्रॉम्प्ट म्हणजे एआयला लिहून दिलेली सूचना, मंत्र नव्हे. शेजारच्या चित्रकाराला काम सांगताना जसं सांगाल तसं सांगा : काय ठेवायचं, काय बदलायचं, काय मुळीच करायचं नाही. माझ्या धनेशासाठी चौथ्या खेपेला चाललेला प्रॉम्प्ट असा :

'या फोटोतला पक्षी राखी धनेश आहे. त्याची बसण्याची ढब, मान वळवण्याचा कोन, चोचीच्या टोकातलं उंबर, चोचीवरचं लहान शिंग आणि राखाडी रंग जसाच्या तसा ठेव. जाड तपकिरी रेघ आणि सपाट चार रंग वापरून लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखं चित्र कर. डोक्यावर मुंबईच्या डबेवाल्याची पांढरी टोपी घाल, पण ती शिंगाच्या मागे बसव, शिंग झाकू नकोस. उजव्या खांद्याला ॲल्युमिनियमचा डबा लटकव. मागे उंबराचं खोड आणि त्यात एक उभी अरुंद फट. माणसासारखे हात, दात, भुवया देऊ नकोस. चित्रात अक्षरं नकोत.'

'शिंग झाकू नकोस' हे तीन खेपा फसल्यावर सुचलं. पहिल्या खेपेत टोपी बसवायला अडचण नको म्हणून एआयने शिंगच छाटून टाकलं होतं, आणि शिंगाशिवाय शिंगचोचा (धनेशाचं दुसरं नाव) कसला? दुसऱ्या खेपेत चोच पिवळीधमक, केशरी आली. म्हणजे माझा पुणेरी धनेश दक्षिण अमेरिकेतला टूकन होऊन बसला. राखी धनेशासारखा साध्या कपड्यातला पक्षी एआयला कंटाळवाणा वाटतो की काय कोण जाणे. अशा वेळी प्रॉम्प्टमध्ये प्राण्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत द्या, शिवाय रंग शब्दांत सांगा.

दुरुस्ती मागताना एका वेळी एकच गोष्ट मागा. 'टोपी लहान कर, डबा डावीकडे घे, आभाळ संध्याकाळचं कर' असं एका दमात लिहिलंत तर तिन्ही होतात आणि सोबत न मागितलेल्या पाच गोष्टीही होतात. प्रत्येक बरी आवृत्ती क्रमांक देऊन साठवा. पाच-सहा दुरुस्त्यांनंतर चित्र मळायला लागतं, रेघा तेलकट होतात, चेहरा सरकतो. तसं दिसलं की त्याच संभाषणात भांडत बसू नका. नवं संभाषण उघडून मूळ फोटो पुन्हा चढवा आणि सुधारलेला प्रॉम्प्ट पहिल्यापासून द्या.

चित्र तपासणं

आता चष्मा लावा. चित्र कितीही गोड आलं तरी हे पाहिल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

पाय पहिले. धनेशासारख्या फांदीवर बसणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना पुढे तीन आणि मागे एक बोट असतं. एआय हवी तेवढी बोटं देतं. रोहिताच्या पायात मध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नसतो, घोटा असतो, म्हणून तो मागच्या बाजूला वाकतो. एआय तो अनेकदा माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकवून देतं आणि रोहित रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनरासारखा दिसू लागतो. (एकदा मी तसाच ठेवला होता, कबूल करतो.)

मग अंगावरची नक्षी. बिबट्याच्या पाठीवर ठिपके नसतात, तुटक कड्यांची फुलं असतात. भरीव ठिपके चित्त्याचे. फुलांच्या आत पुन्हा ठिपका आला तर तो अमेरिकेतला जग्वार. एआय एकाच पाठीवर तिन्ही मिसळतं. वाघाचे पट्टे तर प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ ओळखतात ते पट्ट्यांवरूनच. एआयने एकदा रंगवला की तुमच्या ताडोब्यातल्या वाघिणीचे पट्टे गेले आणि तिथे कुठलीही वाघीण आली. गमतीच्या चित्रात हे चालवून घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा. मी चित्राखाली त्या वाघिणीचं नाव लिहीत नाही.

शेकराच्या बाबतीत रंग बघा. तपकिरी-तांबूस पाठ, फिकट पोट आणि भरघोस लांब शेपटी. दुसरेच रंग आले असतील तर ती परदेशातली कुठली तरी खार आली, परत पाठवा.

चुका सुधारायला प्रत्येक वेळी एआयच लागत नाही. ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटोपी किंवा संगणकावर फुकट मिळणारं क्रिटा उघडा. खाली एआयचं चित्र, वर मूळ फोटो असे थर लावा. मूळ फोटोतला चुकलेला भाग, म्हणजे चोच, डोळा, पाऊल, कापून त्या जागी बसवा आणि वरून ब्रशने दोन रेघा मारून चित्रात मिसळा. माझ्या धनेशाचं शिंग शेवटी असंच बसलं. वीस मिनिटं लागली. एआयशी त्याच शिंगावरून तासभर हुज्जत घालून झाली होती.

शैलीचा प्रश्न

प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव घालू नका. मार्च २०२५ मध्ये एका जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आली होती ती आठवत असेल. आठवड्याभरात सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसायला लागली. त्यापेक्षा शैलीचं वर्णन करा : रेघ जाड की बारीक, रंग सपाट की पाणचट, किती रंग, कागद कसा.

'वारली शैलीत कर' हे आपल्याकडे सगळ्यात आधी सुचतं. करून बघितलं तर कळतं की एआयची वारली म्हणजे गेरूच्या रंगावर काड्यांची माणसं, त्यांना डोळे, हसू आणि वर छायाप्रकाश. खऱ्या वारलीत तांदळाच्या पिठाचा पांढरा एवढाच रंग, दोन त्रिकोणांचं शरीर आणि चेहऱ्यावर काहीही नाही. सगळा भाव हालचालीतून येतो. त्या चित्रांमागे लग्नाचा चौक आहे, पालघाट देवी आहे आणि वाघदेवाचं भय आणि भक्तीही आहे. पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणि जगात नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्राला भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा एआयच्या चित्राला 'वारली' म्हणून विकू नका. खरी वारली हवी असेल तर फोटो घेऊन वारली चित्रकाराकडे जा. तुमच्या वाघाचं ते काय करतात ते पाहण्यात जास्त मजा आहे.

अक्षरं, छपाई, स्टिकर

मराठी मजकूर एआयकडून लिहून घेऊ नका. अनेकदा जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या उलट्या लागतात, 'डबेवाला'चा 'डबवेला' होतो. चित्र अक्षरांशिवाय घ्या आणि मजकूर नंतर कॅनव्हा किंवा फोटोपीमध्ये टाका. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. गमतीच्या चित्राला गुबगुबीत बलू शोभतो.

ए४ कागदावर नीट छापायला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात आणि गप्पांच्या साधनातून येणारं चित्र अनेकदा त्याहून बरंच लहान असतं. तसं असेल तर अपस्केलर (चित्र मोठं करणारं साधन) लागेल किंवा पोस्टकार्डाच्या आकारावर समाधान मानावं लागेल. सपाट रंगांची चित्रं मोठी करताना कमी बिघडतात, हा त्या शैलीचा आणखी एक फायदा.

व्हॉट्सॲपच्या स्टिकरसाठी ५१२ × ५१२ पिक्सेल, मागची बाजू पारदर्शक, वेबपी फाइल, आकार १०० केबीच्या आत. आकृतीभोवती पांढरी जाड कड द्या, नाहीतर गडद पार्श्वभूमीवर राखाडी धनेश दिसणारच नाही. एवढा खटाटोप नको असेल तर व्हॉट्सॲपमध्येच फोटोवरून स्टिकर कापायची सोय आहे.

पाठवताना

गेल्या हिवाळ्यात मी बिबट्याचं एक चित्र केलं होतं. फोटोसारखंच हुबेहूब, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बिबट्या रांगेत उभा. कोपऱ्यात 'एआय चित्र' असं बारीक लिहिलं होतं आणि मित्रांच्या गटात टाकलं. तीन दिवसांनी ते आमच्याच सोसायटीच्या गटावर परत आलं. कोपरा कापलेला, टपरी कापलेली, नुसता बिबट्या आणि रस्ता. वर लिहिलं होतं, 'सावधान! आपल्या भागात बिबट्या.' खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नातवाची शाळा बुडवली. ज्या जिल्ह्यांत उसातून खरोखरचा बिबट्या बाहेर येतो तिथे असं चित्र पोचलं तर वनखात्याची माणसं खोट्या ठिकाणी धावतात.

तेव्हापासून बिबट्या, वाघ, अस्वल, साप यांची फोटोसारखी दिसणारी गमतीची चित्रं मी करत नाही. लांबून पाहूनही कळेल असं रेघांचं चित्रच करतो. 'एआय' हा शब्द कोपऱ्यात नाही, प्राण्याच्या अंगालगत लिहितो, म्हणजे तो कापला की प्राणीही कापला जातो. काही कंपन्या आपल्या चित्रांत अदृश्य खूण किंवा मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली माहिती) घालतात, पण मेटाडेटा स्क्रीनशॉट काढला की गळून पडतो आणि अदृश्य खूण काकूंना दिसत नाही.

स्पर्धांना ही चित्रं पाठवू नका. वन्यजीव छायाचित्रणाच्या स्पर्धा सहसा मूळ फाइल मागतातच. पक्षिनोंदीच्या संकेतस्थळांवर तर मुळीच नाही, तिथे मूळ फोटोच चढवा, कितीही काळवंडलेला असला तरी. मी दोन फोल्डर ठेवलेत, 'मूळ' आणि 'उद्योग'. 'मूळ'मधली फाइल आधी कॉपी करायची आणि मगच तिच्याशी खेळायचं.

धनेशाचं चित्र पोस्टकार्डाएवढं छापून मी फ्रिजवर लावलंय. बायकोने पाहिलं आणि विचारलं, 'याने डबा आणला, पण मादी कुठाय?' मी खोडातल्या फटीकडे बोट दाखवलं. फट एआयने इतकी अरुंद काढलीय, की तिच्यातून उंबरही जाणार नाही. आता पाचवी खेप.